साडेसातच्या मालिकेतलं 'येस'

मालिकेच्या शेवटी जी नावं सरकत जातात, त्यांतलं खालून सहावं नाव पडद्यावर एक पूर्णांक सहा दशांश सेकंद राहतं. साक्षी तायडेने ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर तीन वेगवेगळ्या दिवशी मोजलं होतं आणि सरासरी काढली होती. अक्षरं पांढरी, बारीक. डावीकडे 'अहिराणी संवाद साहाय्य', उजवीकडे 'प्रशील बैसाणे'. काही दिवशी तेवढ्यात वॉशिंग पावडरची जाहिरात आत घुसते, तेव्हा नुसतं 'बैसाणे' दिसतं. ओळखीचं नाव वाचायला एवढा वेळ पुरतो. थोडा उरतोही.

साक्षी जळगावला पाणी तपासणीच्या सरकारी प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होती. दिवसभर गावोगावच्या बाटल्या यायच्या, त्यांतलं फ्लोराइड, नायट्रेट, क्लोरीन मोजून ती 'पिण्यास योग्य' किंवा 'पिण्यास अयोग्य' असं लिहायची. तिसरा शेरा नव्हता. प्रयोगशाळेत तिला निर्णय घ्यायला सरासरी चाळीस मिनिटं लागत.

घरी वेगळं होतं. दीपनगरच्या वीज केंद्रात स्वप्नील नावाचे एक इंजिनिअर होते. दिवाळीत त्यांनी तिला विचारलं होतं, "लग्न करायचं का आपण?" आता जून लागला होता. ते दर दुसऱ्या रविवारी यायचे. चहा प्यायचे, स्वतःचा कप स्वतः विसळून ठेवायचे आणि जायचे. साक्षीच्या आईने, भागाबाईंनी, कप विसळण्याची ही गोष्ट भुसावळच्या सगळ्या नातेवाइकांना फोनवर सांगितली होती.

मे महिन्याच्या शेवटी स्वप्नीलची बदली विदर्भात झाली.

"रद्द होऊ शकते," त्यांनी सांगितलं. "पती-पत्नी एकत्रीकरणाखाली अर्ज करता येतो. तुमची नोकरी जळगावला, माझी दीपनगरला, नियमात बसतं. पंधरा जूनपर्यंत अर्ज द्यायचा."

"मग द्या ना," भागाबाई म्हणाल्या.

"देतो. पण त्याला पत्नी लागते."

कुणीच हसलं नाही. स्वप्नील विनोद करत नव्हते. अर्जाला काय काय जोडायचं ते सांगत होते.

ते गेल्यावर साक्षीने त्यांना मोबाइलवर लिहिलं, 'तुम्हाला काय वाटतं, थांबायचं का?' उत्तर आलं, 'माझं मत दिवाळीत सांगितलं आहे. आता तुम्ही सांगा.' हे उत्तर तिने दोन-तीन वेळा वाचलं. त्यात धरायला काहीच नव्हतं.

साक्षीला पत्नी होण्याबद्दल तत्त्वतः काही म्हणायचं नव्हतं. अडचण साडेसातच्या मालिकेची होती.

मालिका धुळ्याजवळच्या एका गावात घडते, असं मालिका म्हणते. चित्रीकरण कुठे होतं कुणास ठाऊक, घरामागे नारळाची झाडं दिसतात. रूपा त्या गावात डॉक्टर म्हणून येते आणि तिथे तिला योगराज भेटतो. एकेकाळी दोघांचं प्रेम होतं, मग काहीतरी बिनसलं. काय बिनसलं ते एकशे चाळीस भाग झाले तरी सांगितलेलं नव्हतं. सोमवारी रूपा त्याच्या घरी डबा पाठवायची, मंगळवारी त्याला ओळख दाखवायची नाही. बुधवारी तो तिच्या दवाखान्यासमोरून तीनदा स्कूटर न्यायचा आणि गुरुवारी दुसरीच मुलगी बघायला जायचा. शुक्रवारी एकाने काहीतरी बोलायला तोंड उघडायचं आणि भाग संपायचा.

"ह्यांचं एकशे चाळीस भागांत ठरलं नाही," भागाबाई म्हणायच्या. "पण ह्यांना निदान जाहिरातींचे पैसे मिळतात. तुला काय मिळतं?"

साक्षी निरीक्षण करत असायची.

एकशे सव्वीसाव्या भागात रूपाने शेवभाजीवर लिंबू दोनदा पिळलं होतं. एकदा जेवायला बसताना आणि एकदा अर्धं जेवण झाल्यावर. असं साक्षी करते. दुसरं कुणी असं करताना तिने पाहिलेलं नव्हतं. एकशे एकतिसाव्या भागात रूपा योगराजला म्हणाली, "माले उत्तर नको, तारीख सांग." हे वाक्य साक्षीने सात वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या कँटीनमध्ये उच्चारलं होतं, अर्थात 'मला' म्हणून. समोर प्रशील बैसाणे बसला होता. दोघं एम. एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते आणि दोन वर्षं एकमेकांशिवाय जेवत नव्हते. पुण्याच्या एका औषध कंपनीत दोघांनाही नोकरीची संधी होती. जायचं, कधी जायचं, लग्न करून जायचं की तसंच, हे प्रशीलने सांगायचं होतं. तो 'बघू' म्हणाला होता.

एकदा घडलं तर योगायोग. दोनदा घडलं तर साक्षी तिसऱ्यांदा घडायची वाट बघते, तिचं शिक्षणच तसं होतं. त्यामुळे स्वप्नीलला उत्तर देणं तिने पुढे ढकललं. कुणी आपल्याला दूरदर्शन संचातून काही सांगत असेल, तर ते पूर्ण ऐकून घ्यावं, असं तिला वाटलं.

तिसरी गोष्ट जूनच्या पहिल्या शुक्रवारी घडली.

बघायला तिघं होते. साक्षी, भागाबाई आणि खाली राहणारे घरमालक निंबा नाना. नाना धुळ्यापलीकडच्या साक्रीकडचे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांच्या स्वतःच्या टीव्हीवर नातवंडांचं क्रिकेट चालायचं, म्हणून मालिका सुरू झाल्यापासून ते सात पंचविसाला वर यायचे. कूलरसमोरची खुर्ची त्यांची. आठ वाजले की उठायचे, "येस, अक्का" म्हणायचे आणि जिना उतरायचे. भागाबाईंचा समज होता की नाना थोडं इंग्रजी बोलतात. नोकरीत सवय लागली असेल.

त्या शुक्रवारी योगराज नदीकाठी एकटा उभा होता. त्याने मोबाइल काढला. पडद्यावर मोबाइलचा पडदा दिसला. त्याने रूपाला लिहिलं, 'आपलं आठेच सरनं का?' म्हणजे आपलं इथेच संपलं का. बासरी वाजली. मग रूपाची खोली, तिचा चेहरा, तिचा अंगठा. मग पुन्हा मोबाइल. त्यावर एकच शब्द उमटला.

'येस'

बासरी आणखी उदास झाली. योगराजच्या हातून मोबाइल वाळूत पडला. नावं सरकायला लागली. साक्षीने त्या दिवशी सहावं नाव बघितलं नाही.

"संपलं एकदाचं," भागाबाई म्हणाल्या. "यस म्हणाली. बरं झालं. मी सुटले."

"काय संपनं?" नाना खुर्चीत पुढे सरकले. "अहो अक्का, संपनं कोठे? ती यी ऱ्हायनी!"

"कोण येतंय?"

"रूपा! त्याने विचारलं संपलं का, ती म्हणते येस. येते मी म्हणते. थांब तिथेच, येते. आता सोमवारी बसमधून उतरंल बघा."

"नाना, यस म्हणजे हो. इंग्रजीत."

"इंग्रजी कशाला घालतील मधीच? बठ्ठा खान्देश दखी ऱ्हायना, सगळे बघतात! आमच्याकडे शेंबडं पोरगंबी सांगंल, येस म्हणजे येतो." नानांना बासरीचा राग आला होता. "तो बासरीवाला मुंबईचा असंल. त्याले काय समजनं? तुम्हालाबी नाही समजनं, तुम्ही पडले भुसावळकडचे."

भागाबाईंनी थोडा विचार केला.

"म्हणजे रोज जाताना तुम्ही मला येस म्हणता, ते..."

"येतो म्हणतो. दुसरं काय म्हणणार? जातो म्हणू?"

भागाबाई तेवढ्या महिन्यांचा हिशेब नव्याने लावत राहिल्या. साक्षी उठून आत गेली आणि पाणी प्यायली. ते पिण्यास योग्य होतं.

सात वर्षांपूर्वी प्रशील चुलत भावाच्या लग्नासाठी धुळ्याला गेला होता. आठ दिवस त्याने पुण्याचा विषय काढला नव्हता. नवव्या दिवशी साक्षीने जळगावच्या होस्टेलवरून त्याला लिहिलं, 'हे इथंच संपवायचं का?' तेव्हा दुपारचे चार वाजून बारा मिनिटं झाली होती. सव्वाचारला उत्तर आलं. 'येस'. तिने त्याचा नंबर ब्लॉक करून बंद यादीत टाकला, बॅग भरली आणि भुसावळला आईकडे गेली.

प्रशील तिच्याशी नेहमी पुस्तकी मराठीत बोलायचा. घरी तो अहिराणी बोलतो हे तिला माहीत होतं, जसं एखाद्याचा रक्तगट माहीत असतो. आणि त्या दिवशी तो घरी होता. लग्नघरात. आठ दिवस.

तिने मोबाइलमधली बंद यादी उघडली. तिच्यात एकच नाव होतं. ते बाहेर काढून तिने लिहिलं, 'रविवारी अकराला धुळ्यात आहे. भेटता येईल?'

उत्तर चार मिनिटांत आलं. 'हो. देवपूर. पत्ता पाठवतो.'

'हो' या शब्दाकडे तिने बराच वेळ बघितलं. तो मराठी-अहिराणी दोन्हीकडे एकाच अर्थाचा आहे, याची नानांकडून खात्री करून घ्यावी, असंही एकदा मनात आलं.

शनिवारी आईला तिने प्रयोगशाळेच्या कामाला जाते म्हणून सांगितलं.

"रविवारी?"

"नमुना घ्यायचाय."

"स्वप्नील येणारेत उद्या."

"त्यांना मी कळवते." तिने कळवलं, 'रविवारी धुळ्याला जावं लागतंय.' स्वप्नीलने लिहिलं, 'ठीक. ऊन चव्वेचाळीस आहे. पाणी जवळ ठेवा. अर्जाला पाच कामाचे दिवस उरतात.'

एरंडोल, पारोळा करत बस पावणेअकराला धुळ्यात पोचली. देवपूरला प्रशील गल्लीच्या तोंडाशी उभा होता. केस थोडे कमी, पोट थोडं जास्त. एका शाळेत विज्ञान शिकवत होता.

"जय भीम," तो म्हणाला.

"जय भीम."

"ऊन फार आहे."

"चव्वेचाळीस."

त्याने तिला ओट्यावरच्या सावलीत बसवलं आणि दाराकडे तोंड करून हाक मारली, "आई, पानी आन वं!"

"येस!" आतून आवाज आला.

साक्षीने दाराकडे बघितलं. अर्ध्या मिनिटात दारातून प्रशीलची आई तांब्या घेऊन आली. 'येस' म्हणाली होती आणि आली. प्रयोग पुन्हा करून बघितल्यासारखं झालं.

"कोन शे वं माय तू? बठ, बठ. किती लाल व्हयनी उन्हात."

"कॉलेजची मैत्रीण," प्रशील म्हणाला. आई 'अस्सं' म्हणाल्या, साक्षीला नीट बघितलं आणि आत गेल्या. आत भांड्यांचा आवाज थांबला, म्हणजे त्या ऐकत होत्या.

"तू तेव्हा येस लिहिलंस," साक्षी म्हणाली, "ते येतो म्हणून लिहिलंस का?"

"मग? दुसरं काय?"

"मी हो वाचलं."

प्रशीलने तांब्या उचलून तिच्याजवळ सरकवला.

"मी आलो होतो," तो म्हणाला. "अंगावर लग्नातले कपडे. सात वाजता जळगावच्या स्टँडवर उतरलो. तुला अकरा फोन केले. होस्टेलवर गेलो तर खोलीला कुलूप. मला वाटलं, हेच उत्तर."

"मग नंतर?"

"नंतर काय? तू फोन घेत नव्हतीस. तू का नाही केलास?"

"तू हो म्हणाला होतास."

दोघांनी यावर विचार केला. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं.

"आणि मालिका?" तिने विचारलं. "लिंबू. तारीख सांग. परवाचा मेसेज. ते माझ्यासाठी होतं?"

प्रशील ओशाळला.

"खरं सांगू? मुंबईहून रोज प्रमाण भाषेतले संवाद येतात, मी अहिराणी करून पाठवतो. एवढंच काम होतं. मग ते म्हणायला लागले, सर, जेवताना दोघं काहीतरी करतात असं द्या, भांडताना काहीतरी बोलतात असं द्या. खान्देशी टच हवा. आता मी कुठून आणू? मला भांडता येणारी दुसरी बाई माहीतच नाही. जेवढं होतं तेवढं वापरलं. परवाचा मेसेज शेवटचा होता. आता माझ्याकडचं संपलं."

"म्हणजे निरोप नव्हता."

"निरोप..." त्याने मान तिरकी केली. "तसा होताही म्हणता येईल. म्हणजे तू बघतेस हे मला कुठे माहीत होतं? पण बघितलंस तर बघावंस, असं वाटायचं. नाही असं नाही."

"प्रशील, होता की नव्हता?"

"तू म्हणशील तसं."

आत एक भांडं पडलं.

"लग्न केलं नाहीस?" तिने विचारलं.

"बघू म्हणत राहिलो. तू?"

"दीपनगरचे एक इंजिनिअर आहेत. दिवाळीपासून विचारतायत. पंधराच्या आत सांगायचंय."

"अरे वा," प्रशील म्हणाला आणि त्याचा चेहरा उतरला. मग तो घाईने म्हणाला, "पण आता हे कळलंय ना आपल्याला. एका शब्दाने सात वर्षं खाल्ली. तो शब्द नसता तर... आता परत बघता येईल. म्हणजे घाई नाही. आधी थोडं बोलत राहू. मालिकासुद्धा अजून वर्षभर चालणार आहे, तू काही सुचवलंस तर मला मदतच होईल." तो थांबला. "त्या दिवशी ते वाचलंस, तेव्हा तुला काय वाटलं गं? खूप रडलीस का?"

हा प्रश्न साक्षीला आजपर्यंत कुणी विचारला नव्हता. आईनेसुद्धा नाही. तिने स्वतःही नाही. तिला प्रश्नाला अचूक उत्तर द्यायची सवय होती, म्हणून तिने तो दिवस पुन्हा आठवून बघितला. होस्टेलची खोली. सव्वाचार. मोबाइलवर एक शब्द. त्यानंतर तिने बॅग भरली, तेव्हा पुस्तकं खाली आणि कपडे वर अशी नीट भरली होती. भुसावळला उतरल्यावर केळी घेतली होती. घरी जेवली होती.

"नाही," ती म्हणाली. "मी नऊ वाजता झोपले आणि सकाळी आठपर्यंत झोपले. अकरा तास. त्याआधी महिनाभर मला झोप नव्हती."

"म्हणजे?"

"म्हणजे मला बरं वाटलं होतं."

प्रशीलने पायातली चप्पल काढून पुन्हा घातली.

"शब्दाचं काही नाही," साक्षी म्हणाली. तिचा आवाज अहवाल वाचताना असतो तसा होता. "तू भेटला असतास, आपण स्टँडवर बोललो असतो, तू बघू म्हणाला असतास. मला संपवायचंच होतं. पण मी विचारलं, संपवायचं का. तुझ्याकडून वदवून घेतलं. तू हो म्हणालास असं समजले आणि सात वर्षं दोष तुझ्यावर ठेवला. तो निर्णय माझा होता. हे तुला तेव्हा सांगायला हवं होतं."

"सातच वर्षं उशीर," प्रशील म्हणाला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "हे वाक्य मालिकेत घालू का?"

"घाल."

"आणि इंजिनिअर? तिथेही अशीच झोप लागते का, अकरा तास?"

साक्षीने हेही आठवून बघितलं. बदलीचं कळल्यापासून चौदा दिवस झाले होते. चौदा रात्री ती तीन-तीनदा उठून कूलरमध्ये पाणी घालत होती. कूलर भरलेलाच असायचा. दोष तिने उन्हाळ्याला दिला होता. पण उन्हाळा मार्चपासून होता आणि मार्चमध्ये झोप व्यवस्थित होती. मार्चमध्ये स्वप्नील कुठे जाणार नव्हते.

"नाही," ती म्हणाली, आणि पर्स उचलली.

प्रशीलच्या आईने जेवल्याशिवाय जाऊ नको म्हणून बराच आग्रह केला. मग कागदात बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, बांधून दिले आणि पोराकडे असं बघितलं, की तो न सांगता रिक्षा आणायला गेला.

रिक्षात बसताना साक्षी म्हणाली, "प्रशील, पुढच्या वेळी कुणाला काही सांगायचं असेल तर बघू म्हणू नकोस."

"प्रयत्न करतो," तो म्हणाला. मग स्वतःच हसला. "नाही म्हणत. नाही म्हणत, जा तू."

धुळ्याच्या स्टँडवर रविवारची गर्दी होती. जळगावची बस फलाटावर लागलेली होती, पण ड्रायव्हर जेवत होता. साक्षी खांबाच्या सावलीत उभी राहिली आणि तिने स्वप्नीलला लिहायला घेतलं. 'तुम्हाला अजूनही...' एवढं लिहून ती थांबली. हे वाक्य प्रश्न होणार होतं. तिने ते पुसलं आणि फोन लावला. यापूर्वी तिने त्यांना स्वतःहून कधी फोन केला नव्हता.

"हॅलो? काय झालं? बस बंद पडली का?" स्वप्नीलने विचारलं. त्यांच्यामागे यंत्रांची घरघर होती.

"नाही. बस बरी आहे. मला तुम्हाला काही सांगायचंय."

"बोला."

वरच्या भोंग्यातून नंदुरबार, शहादा, शिरपूर अशी नावं सुरू झाली. साक्षी बोलली.

"ऐकू नाही आलं. काय म्हणालात? मी केंद्रात आहे, आवाज आहे इथे. मेसेज करता का?"

"मेसेज नाही करणार," साक्षी म्हणाली. तिने दुसरा कान हाताने बंद केला आणि प्रयोगशाळेत, घरात किंवा कँटीनमध्ये ती कधीच बोलली नव्हती एवढ्या मोठ्याने बोलली. शेजारी केळी खात उभ्या असलेल्या दोन बायकांनी खाणं थांबवलं.

"मला तुमच्याशी लग्न करायचंय. उद्याच अर्ज लिहायला घ्या!"